तीन माणसांचा गड्डा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांदवाडीतला, म्हणजे घरामागच्या परसातला, पहिला पत्ताकोबी कापला आणि आईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी गड्डा ओंजळीत धरला, वरून अंगठ्यानं दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "तीन माणसाचा हाय."

आमच्या घरात आता तीनच माणसं आहेत. आई, हे आणि मी. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा दोन्ही वेळा अकरा माणसांचा स्वयंपाक असायचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, बुधवारच्या बाजारातून घागरीएवढा कोबी आणायचे. अर्धा सकाळी चिरायचा, अर्धा रात्री, दुसऱ्या दिवशी त्याचं पानही उरायचं नाही. आज तसा गड्डा आणला तर तो आमच्याकडं पाहुण्यासारखा मुक्काम करतो. तिसऱ्या दिवशी कापलेली कड काळपट पडते, चौथ्या दिवशी भाजीला उग्र वास येतो, आणि राहिलेला अर्धा गाईपुढं जातो. गाय खाते, वाया काही जात नाही. पण घरासाठी आणलेली भाजी गोठ्यात नेताना हात जड होतो.

म्हणून मी लहान कोबी लावते. ओंजळीत मावेल, एका भाजीत संपेल असा. गेली दहा वर्षं लावते आहे.

त्याआधी मीही मोठाच लावायची, ड्रमहेड. तीन महिन्यांहून जास्त वाट पाहायला लावणारा, चपट्या डोक्याचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट लोकांना आठवत असेल. आमच्या वावरातला गहू झोपला, हरभरा झोडपला गेला. त्या नुकसानीपुढं सांदवाडीतल्या सोळा कोब्यांचं काय घेऊन बसायचं! पण दुसऱ्या दिवशी मी त्या वाफ्यात उभी राहिले तेव्हा मला तिथंच रडू आलं. एकेका गड्ड्यावर गारांनी खड्डे पाडले होते. त्यात पाणी साचून आठवड्याभरात सगळे सडले. गहू लावला होता यांनी. हे सोळा मी लावले होते, रोज संध्याकाळी झारीनं पाणी घालून.

तेव्हा मनात आलं, हा कोबी जानेवारीतच खाऊन झाला असता तर? आमच्याकडं गारपिटीची धास्ती असते ती हिवाळा उतरताना. त्याच्या आत तयार होणारं वाण पाहिजे.

असं वाण शोधायला फार लांब जावं लागत नाही. गोल्डन एकर हे नाव आपल्याकडच्या जुन्या भाजीवाल्यांना तोंडपाठ आहे. लहान, गोल, घट्ट गड्डा, वजन एक ते दीड किलो. लावणीनंतर साठ-पासष्ट दिवसांत काढणीला येतो. डेन्मार्कच्या कोपनहेगन मार्केट या वाणातून निवड करत करत हा लवकरचा कोबी काढला, त्याला आता शंभरेक वर्षं होत आली. कोपनहेगन मार्केट त्याच्याही आधीचा. आपल्याकडं दोन्ही रुळले. आता बाजारपेठेसाठी लावणारा शेतकरी संकरित बियाणंच घेतो, आणि त्याचं बरोबर आहे. त्याला एका दिवशी, एका मापाचे, प्रवासात न फुटणारे गड्डे हवेत. गाडी भरायची असते.

माझी गरज उलटी आहे. एका दिवशी चोवीस गड्डे तयार झाले तर मी काय करू? जुन्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणात सगळी रोपं एका वेळी येत नाहीत. शेजारी शेजारी लावलेल्या दोन रोपांत आठ-दहा दिवसांचा फरक पडतो. एक घट्ट झालेलं असतं, दुसरं अजून पानं जुळवत असतं. गाडी भरणाऱ्याला हा दोष वाटेल. माझ्या चुलीला तो सोयीचा आहे. आठ-आठ रोपं पंधरा दिवसांच्या अंतरानं लावली की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटापर्यंत घरात कोबी असतो आणि कधीच जास्तीचा नसतो.

बी एवढंसं असतं, मोहरीच्या दाण्यासारखं. दोन्ही एका हातावर ठेवले तर मलाही ओळखू येत नाहीत. सप्टेंबरच्या मध्याला पहिलं बी टाकते. पाऊस गेलेला नसतो, ऊन मधूनच चटका देतं. रोपांच्या जिवाला हेच दिवस वाईट. पहिल्या वर्षी पेरलेली सगळी रोपं बुडाशी काळी पडून एका रात्रीत आडवी झाली होती. दोष माझाच होता. काळी माती तशीच वापरली आणि वर पाणी ओतलं. आमची माती ओली झाली की लोण्यासारखी होते, पाणी धरून बसते, आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीची मुळं तिच्यात खोल जातात, तिला ती मानवते. कोबीची बारीक मुळं वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. भेग पडली की मुळं तटातट तुटतात.

आता रोपांसाठी चाळलेली माती, जुनं शेणखत आणि नाल्यातली वाळू एकत्र करते. लावणीचा वाफा वीतभर उंच करते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोपांच्या बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, अंथरते. चार बोटं जाड. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, कुटाराचा ढीग घराशीच असतो. त्यानं माती झाकली राहते, भेगा पडत नाहीत, पाणी निम्म्यावर येतं. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर तीन वर्षं वाचली असती.

रोप महिन्याचं झालं, पाच-सहा पानं आली की दीड फूट बाय एक फुटावर लावायचं. उन्हं उतरल्यावर. मोठ्या कोबीला याच्या दुप्पट जागा लागते. माझा वाफा न्हाणीच्या मागं आहे, खाटेएवढ्या तीन तुकड्यांचा. त्यातच लसणाची कड आहे, सांबार म्हणजे कोथिंबीर आहे, भेदऱ्याची म्हणजे टमाट्याची चार झाडं आहेत. लहान कोबी या गर्दीत कुणाला न ढकलता बसतो.

मग महिनाभर नुसती पानं येतात. निळसर हिरवी, वरून मेण फासल्यासारखी. पहाटे दव पडतं तेव्हा त्याचे थेंब पानावर पसरत नाहीत, गोल मण्यांसारखे उभे राहतात आणि पान हललं की घरंगळून मध्यात जमा होतात. आणि एका सकाळी मधलं पान आत वळलेलं दिसतं. आदल्या दिवशी ते उघडं होतं. त्यावर दुसरं वळतं, मग तिसरं. कोबीनं गड्डा धरला असं आपण म्हणतो. मला तर वाटतं, खेड्यातल्या बाया थंडीत पहाटे अंगावर पदर घेतात ना, एक टोक आत खोवून दुसरं वरून गुंडाळून, तसंच ते आहे.

या महिन्यात अळी येते. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची अळी, बोटाच्या पेराहूनही लहान, हिरवी. पानाच्या खालून खाते आणि वरचा पापुद्रा ठेवते, त्यामुळं पानाला कागदाच्या खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. काडीनं हात लावला की वळवळते आणि धाग्यावर लटकून खाली उतरते. मी तिच्यासाठी कोबीच्या आधी पंधरा दिवस वाफ्याच्या कडेनं मोहरी पेरते. ही युक्ती माझी नाही, कृषी शास्त्रज्ञांचीच शिफारस आहे. मोठ्या शेतात पंचवीस ओळी कोबीला दोन ओळी मोहरी लावायला सांगतात. पतंगाला मोहरी जास्त आवडते, तो अंडी तिच्यावर घालतो. कोबीवर जे उरतात त्यांच्यासाठी निंबोळीचा अर्क. पावसाळ्याच्या तोंडाशी अंगणातल्या कडूनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवते. पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यानं गाळायचं, साबणाचा थोडा चुरा टाकायचा आणि पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचं. वरून फवारून काही होत नाही. अळी खाली असते.

कोबी सडवणाऱ्या घाण्या रोगापुढं मात्र काही चालत नाही. पानाच्या कडेला इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा डाग दिसला की मी ते रोप उपटून लांब नेऊन जाळते. जीव हळहळतो. पण एकाचा मोह धरला तर बाकीची जातात, हे एकदा भोगून झालं आहे.

गड्डा घट्ट झाला आणि अजून कापायचा नाही, असं कधी कधी होतं. घरात भाजी असते, कुठं लग्नाला जायचं असतं. अशात अवकाळी पाऊस आला तर मुळं भराभर पाणी ओढतात, आतली पानं फुगतात आणि गड्डा वरून तडकतो. अशा वेळी मी गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव वळसा फिरवते. हळूच. मातीखाली बारीक मुळं तुटल्याचा कुरकुर आवाज हाताला कळतो, कानाला नाही. मुळं थोडी तुटली की पाण्याची ओढ कमी होते आणि गड्डा आठवडाभर तसाच थांबतो. पहिल्यांदा मला हे करताना पाहून आई ओरडल्याच होत्या, "अवं, मान काऊन मुरगाळून राह्यली त्याची?"

कापतानाही मी सगळं उपटत नाही. खालची चार-पाच पानं ठेवून विळ्यानं कापते आणि उरलेल्या खुंटावर फुलीसारखी चीर देते. फेब्रुवारीत त्याच्या कडांतून लिंबाएवढे तीन-चार गड्डे येतात. ते मी कुणाला देत नाही. तेलात मोहरी, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वरून हे अर्धे कापलेले गड्डे, झाकण नाही, पाणी नाही. ज्वारीची भाकर. आई आयुष्यभर म्हणत आल्या की कोबीला वास येतो. तो वास जून कोबीचा आणि जास्त शिजवल्याचा असतो. थंडीच्या रात्री सोसलेला कोवळा कोबी गोड असतो, त्याच्या पानांत साखर उतरते. आता आई ताटात दुसऱ्यांदा मागून घेतात.

इथपर्यंत सगळं जमत गेलं. जे जमत नव्हतं ते बी.

या घरात बी विकत आणणं ही नवी गोष्ट आहे. आईंच्या खोलीत आढ्याला अजूनही गाठोडी लटकतात. वाल, दोडका, लवकी, काकडी, गवार. राखेत घोळलेलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. कोणतं कशाचं हे त्या हातानं चाचपून सांगतात. मामाजी सरकीसुद्धा घरची ठेवायचे. पेरणीच्या आदल्या दिवशी ओसरीवर सरकी पसरून शेण-मातीच्या काल्यात हातानं चोळायचे, म्हणजे तिच्यावरचे तंतू चिकटून बसतात आणि दाणा दाण्यापासून मोकळा होतो. मी नवी नवरी असताना ते चोळायला बसले आहे. त्या सरकीचा खरखरीत स्पर्श तळव्याला आठवतो. २००२ साली बीटी कपाशी आली, ती संकरित. तिचं बी घरी ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ती एकसारखी येत नाही. दोन-चार वर्षांत आमच्या गावातली घरची सरकी संपली. कुणी ती फेकली नाही. एका वर्षी पेरली नाही, दुसऱ्या वर्षी पेरली नाही, मग उगवेना. मामाजींच्या सरकीचं मडकं मी अजून धुतलेलं नाही.

म्हणून कोबीचं बी आपलं असावं असं मला वाटत होतं. एका वर्षी दुकानातून आणलेल्या पाकिटावर नाव गोल्डन एकरचंच होतं, आणि जानेवारी संपला तरी नुसती मोकळी पानं. चोवीसपैकी पाचांनी गड्डा धरला. दुकानदारानं पाकीट उलटं-सुलटं पाहिलं आणि ठेवून दिलं. त्या दिवशी घरी येताना ठरवलं, बी धरून पाहायचं.

पण कोबी आपल्याकडं बी देत नाही. तो दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या वर्षी गड्डा, मग लांब थंडी, आणि थंडी सरल्यावर गड्डा फोडून तुरा. दहा अंशांच्या खाली कितीतरी आठवडे गेल्याशिवाय त्याच्या आत फुलायचं ठरतच नाही. त्याची जंगली भावंडं युरोपातल्या समुद्राकाठच्या कड्यांवर वाढतात. आपण त्याला कोबी म्हणतो ते पोर्तुगिजांनी आणलेल्या 'कोव्ह' या शब्दावरून. भारतात त्याचं बी धरायचं तर डोंगर गाठावा लागतो. हिमाचलात कुलू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं केंद्र आहे, तिथं थंड प्रदेशातल्या भाज्यांचं बी तयार होतं. आमच्या जवळ उंच म्हणजे चिखलदरा. तिथं आमचं कुणी नाही.

२०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आमच्याकडंही सकाळी टाक्यातल्या पाण्याला हात लाववत नव्हता. मी तीन गड्डे न कापता ठेवले, मोठ्या आशेनं. थंडी आठवड्यात ओसरली. मार्चमध्ये गड्डे फुटले, आतून पुन्हा पानंच आली आणि एप्रिलच्या उन्हात वाळून गेली. चार रात्री त्याला पुरत नाहीत.

मग फ्रिजची कल्पना सुचली. २०२२ च्या डिसेंबरात दोन रोपं मुळांसकट काढली, माती झटकली, बाहेरची पानं काढली आणि ओल्या वाळूच्या पिशवीत मुळं बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली. लहान कोबी असल्यानंच ते मावले. दोन महिने दूध-दह्याची भांडी त्यांच्या कडेनं सरकवत राहिलो. लोडशेडिंगच्या वेळी दार उघडू नका, म्हणून मी यांना दहादा बजावायची. फेब्रुवारीच्या शेवटी काढले तेव्हा एक सडला होता. दुसऱ्याच्या डोक्यावर फुलीची चीर दिली आणि तो कुंडीत लावून रांजणाजवळ सावलीत ठेवला. तीन आठवड्यांनी चिरेतून एक जाड कोंब वर आला. मग तो रोज बोटभर वाढायचा.

मार्चच्या शेवटी फुलं उमलली. पिवळी, चार पाकळ्यांची, अधिक चिन्हासारखी. मी आईंना हात धरून तिथं आणलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं. ऐंशी वर्षांत कोबीचं फूल त्यांनी पाहिलं नव्हतं, मीही नाही. मग वाकून एक फूल बोटांत धरलं आणि म्हणाल्या, "हे तं मोहरी व्हय!"

वाफ्याच्या कडेला वाळलेली मोहरी अजून उभी होती, शेंगा तडकत होत्या. दरवर्षी जिला मी अळीपुढं उभी करत होते, ती याची बहीण निघाली. आई नंतर किती तरी दिवस शेजारणींना बोलावून दाखवत होत्या.

त्या वर्षी एक शेंग भरली नाही. कोबीच्या फुलाला त्याच झाडाचा पराग चालत नाही, दुसरं झाड लागतं. ते सडलं होतं. शिवाय तोवर ऊन चाळिसाला टेकलं होतं.

पुढच्या वर्षी बी ऑगस्टमध्येच टाकलं, पत्र्याखाली, पावसापासून झाकून. नोव्हेंबरअखेर चार रोपं फ्रिजमध्ये गेली. जानेवारीच्या शेवटी चारही जिवंत निघाली. तुरे फेब्रुवारीअखेर फुलले तेव्हा ऊन सोसवेल इतपतच होतं. फुलकोबी आणि नवलकोल मी त्या वर्षी लावलेच नाहीत, कारण ते याच्याशी संकर करतात. मधमाश्या येत होत्या. मी स्वतःही सकाळी कापसाचा बोळा घेऊन या झाडावरून त्या झाडावर फिरायची. एप्रिलच्या मध्यापर्यंत नऊ शेंगा भरल्या. वाळल्यावर परातीत फोडल्या. सदतीस दाणे.

सदतीस दाण्यांनी वाण टिकत नाही हे मला माहीत आहे. दोन-चार झाडांतून बी धरत गेलं की चार पिढ्यांत रोपं खुरटतात. वीस-पंचवीस तरी झाडं एका वेळी फुलायला हवीत, आणि एवढा फ्रिज माझ्याकडं नाही. पाकीट आणणं सुटणार नाही. आईंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेटीतून लुगड्याचा हिरवा तुकडा काढला, राखेची चिमूट टाकली, दाणे बांधले आणि गाठोडं वालाच्या शेजारी टांगलं. "राहू दे अथी," म्हणाल्या.

या सप्टेंबरात दोन ट्रे भरले. एकात पाकिटातलं बी, दुसऱ्यात घरचे वीस दाणे. सतरा गाठोड्यात ठेवले. पाकिटातलं चौथ्या दिवशी वर आलं. घरच्या ट्रेमध्ये पाचव्या दिवशीही नुसती माती होती. सहाव्या दिवशी पहाटे मी गोठ्यात होते तेव्हा मागून काठीचा आवाज आला. न्हाणीच्या मागं आई ट्रेवर वाकल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवून, बोटानं हवेतच मोजत. मी जवळ गेले तर मला हातानंच थांबवलं, मोजणी चुकू नये म्हणून.

"चौदा," त्या म्हणाल्या. "आनखी एक माती उचलून राह्यलं."